'साबर बोंडं' कुणी पाहिला का? (आणि तसे इतर सिनेमे)

घाटमाथा:
'साबर बोंडं' बघून आलो आणि तेव्हापासून कुणाशी तरी बोलायचंय. घरी बोलायची सोय नाही, ऑफिसात विषय काढला की लोक लगेच 'वॉव, सो ब्रेव्ह' मोडमध्ये जातात, म्हणून इथे धागा काढतोय. मी गे आहे हे जुन्या आयडींना माहीत आहे, नव्यांना आत्ता कळलं, त्यावर वेगळी चर्चा नको, पिक्चरवर बोलू.

ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी: दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलला वर्ल्ड सिनेमाच्या ड्रामा विभागात ग्रँड ज्युरी प्राइज, तिथे पोचलेला पहिला मराठी सिनेमा, आपल्याकडे १९ सप्टेंबरला लागला. गोष्ट एका ओळीची आहे. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद, त्याचे वडील वारतात, तो आईबरोबर गावी सुतकाचे दहा दिवस काढायला जातो आणि तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो.

सगळीकडे 'गावातली गे लव्हस्टोरी' म्हणून लिहिलंय. माझं म्हणणं हा प्रेमाचा पिक्चर कमी आणि सुतकाचा जास्त आहे. सुतकात माणूस अडकलेला असतो ना, उठून जाता येत नाही, मोबाईलमध्ये तोंड खुपसलं तर वाईट दिसतं, आणि येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला तुमच्या लग्नाबद्दल विचारायचा जणू परवानाच मिळालेला असतो. कानवडेंनी मुलाखतीत सांगितलंय की २०१६ मध्ये वडील गेल्यावर गावी त्यांच्या मागे असेच नातेवाईक लागले होते, तिथून ही गोष्ट सुचली. ते बघताना कळतंच, असं घरबसल्या सुचत नाही.

माझं सांगतो. आजोबा गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास झाला. पोरीचं शिक्षण बघतो, बांधाचं भांडण मिटवतो, सगळं कबूल करून झालं. मग थोरले चुलते माझ्याकडे वळले, म्हणाले नातवाचं लग्न बघायचं राहिलं त्यांचं, हात जोड आणि सांग वर्षाच्या आत करतो. सगळी भावकी बघतेय, मी काय करणार, जोडले हात, म्हटलं करतो. आणि शिवला हो कावळा! लगेच! त्यानंतर कितीतरी वर्षं दर दिवाळीला मला तो कावळा ऐकवला जातो.

थिएटरात मोजकं पब्लिक होतं. मागच्या रांगेत दोन काकू होत्या, मला वाटलं दोन पोरं जवळ आली की उठून जातील. नाही गेल्या. आनंद अनवाणी हिंडतोय ते बघून एक दुसरीला म्हणाली, 'पोळत असतील गं पाय पोराचे'. मला त्या सबंध पिक्चरमध्ये रडू आलं ते त्या वाक्याला.

तुम्ही काय बघितलंय, काय वाटलं, लिहा.

लिंबूटिंबू:
कावळा शिवला!!! 😂😂 सॉरी पण हसून हसून पुरेवाट.

पिक्चर पाहिला. स्लो आहे बाबा. कॅमेरा एका जागी ठेवून माणसं जेवायला गेली की काय असं वाटलं. बॅकग्राउंड म्युझिक पण नाही.

प्रवरेकाठी:
@घाटमाथा भाऊ, लय भारी धागा. आमच्या भागातलं पिच्चर आहे, संगमनेर साईडचं, मी खास भाषा ऐकायला गेलो होतो. आमच्याकडं 'काय करू ऱ्हायला' म्हणत्यात, पुण्यामुंबईचे ॲक्टर ते बोलले का गावंढळ कॉमेडी होऊन जाती. इथं तसं नाही झालं. ती माणसं ओट्यावर बसून बोलत्यात ते आमच्या चुलत्यामालत्यासारखंच बोलत्यात, निम्मं वाक्य गिळून.

आता बोंडं. आम्ही शाळेतून येताना खायचो. फड्या निवडुंगाला येत्यात, पिकली का लालजांभळी होत्यात. वरची कुसळं लय बेक्कार, डोळ्याला दिसत नाहीत पण जिभेत गेली का दोन दिवस काढता येत नाहीत. म्हणून काडीनी पाडायची, मातीत नायतर गोणपाटावर घोळसायची, मग सोलायची. आपल्यासाठी कोणी सोलून ठेवलं म्हंजी त्यानी स्वतःच्या बोटाची वाट लावून घेतलेली असती. बाळ्या बोंडं आणून देतो तवा थेटरात शहरातल्या पब्लिकला काय कळलं माहीत नाही, मला तर तिथंच कळालं का हा गडी कामातून गेला.

अजून एक, पिच्चरमधी दहावा साधा दाखवलाय. आमच्याकडं आता दहाव्याला माईक, प्रवचनकार महाराज, आणि मग आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची श्रद्धांजलीची भाषणं! मेलेला माणूस शेळ्या वळायचा, ह्यांच्या भाषणात 'पंचक्रोशीचं भूषण' असतो.

@लिंबूटिंबू स्लो नाही राव, सुतकात टाइम जातच नसतो.

मोगरा६२:
मी इथे फार लिहीत नाही, वाचत असते. माझा मुलगा गे आहे, तिशी ओलांडलेला, परदेशात असतो. मैत्रिणीबरोबर गेले होते हा सिनेमा बघायला, तिला विषय न सांगता नेलं.

मला आनंदपेक्षा आई दिसत राहिली. सुमन. जयश्री जगताप यांनी काय काम केलंय! ती फार शिकलेली नाही, भाषणं देत नाही, पण पोराबद्दल तिला सगळं माहीत आहे, नवऱ्यालाही माहीत होतं. आणि नातेवाईकांना काय सांगायचं, तर एका मुलीने फसवलं म्हणून हा लग्नाला तयार नाही. ते ऐकून मी खुर्चीत जरा खालीच सरकले. कारण मी पण तेच केलंय. आमची गोष्ट म्हणजे 'त्याला आधी करिअर करायचंय', मग ती पुरेना म्हणून 'तिकडे एक मुलगी होती, मोडलं'. त्या मुलीला मी नाव सुद्धा दिलं होतं. माझ्या जावेने तिचं शिक्षण विचारलं तर तेही सांगितलं, एमएस केलंय म्हणून.

मुलाला हे कळलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, आई तू मला स्वीकारलंस असं म्हणतेस आणि बाहेर एक खोटी सून उभी करतेस. त्याचं चूक नाही. पण मला विचाराल तर, त्याच्यामागे मी इथे राहते, हळदीकुंकवाला मी जाते, प्रश्न मला येतात. सिनेमात तो खोटेपणा आईचा भित्रेपणा म्हणून दाखवला नाही याचं मला बरं वाटलं. मैत्रीण बाहेर आल्यावर म्हणाली, आई चांगली होती नाही? एवढंच. मी म्हटलं, हो.

खवचट_खंडू:
मोगराताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला नेमका इथेच प्रॉब्लेम आहे या सिनेमाचा. सगळ्यांना आई आवडली. आवडणारच. अशा आया किती असतात? माझ्या मित्राने घरी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा भगत, मग डॉक्टर, मग डायरेक्ट मुलगी बघणं. डॉक्टर पण असा की गोळ्या देतो म्हणाला. म्हणजे २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध कलम ३७७ च्या गुन्ह्यातून काढले त्यानंतरची गोष्ट सांगतोय, आधीची नाही. सिनेमावाल्यांना आता एक फॉर्म्युला सापडलाय, समजूतदार आई. हिंदी 'बधाई दो' मध्ये आई झालेली शीबा चढ्ढा येऊन काही न बोलता गे पोराला मिठी मारते, थिएटरात सगळे हुंदके देतात, आणि घरी जाऊन पोराला विचारतात की एवढा फोनवर कुणाशी बोलतोस.

घाटमाथा:
@खंडू अरे पण किती वर्षं आम्ही मरायचेच पिक्चर बघितले. गे कॅरेक्टर म्हटलं की शेवटी मरणार, वेडा होणार, नाहीतर हिरोच्या मागे लागून लोकांना हसवणार. एकदा कुणाची आई चांगली निघाली तर निघू दे की. आणि फॉर्म्युला म्हणशील तर दोन गोष्टींत फरक आहे, 'बधाई दो' मधली मिठी क्लायमॅक्सची आहे, सगळं त्यासाठी रचलेलं. सुमनला क्लायमॅक्स नाहीच. तिला आधीपासून माहीत आहे आणि ती भाकरी थापतेय, रडतेय, पाहुण्यांना चहा देतेय, नवरा गेलाय तिचा. मला हे जास्त खरं वाटलं.

मोगराताई, खोटी सून एमएस झालेली 🙏🙏 तुमचे पाय कुठे आहेत.

मध्यममार्गी:
कुणी काय करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण प्रत्येक गोष्टीचा सिनेमा काढून गावाकडच्या संस्कृतीला त्यात ओढायची गरज आहे का? परदेशात बक्षीस मिळतं म्हणून आजकाल हे विषय घेतात असं माझं स्पष्ट मत आहे. हे माझं शेवटचं पोस्ट.

प्रवरेकाठी:
@मध्यममार्गी काका, ओढायला कशाला लागतंय, गावातच आहेत ती पोरं. आमच्या वर्गात दोन होते. एक आता तीन पोरांचा बाप हाये आणि एक पुण्याला गेला तो परत आलाच नाही.

ऑरेंजसिटी:
गावाकडची संस्कृती म्हणे! मराठी साहित्याच्या संस्कृतीचं बघून घ्या आधी. 'अलीगढ' पाहिला असंल ना लोकांनी, हंसल मेहताचा, २०१६ चा. त्यातले प्रोफेसर सिरास आमच्या नागपूरचे. अलीगढ मुस्लिम युनिव्हर्सिटीत मराठी शिकवायचे, कवी होते, 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्याच घरात घुसून लोकांनी शूटिंग केलं आणि युनिव्हर्सिटीनं सस्पेंड कोणाला केलं तर यांनाच. एप्रिलच्या सुरुवातीला अलाहाबाद हायकोर्टात केस जिंकले आणि आठवड्याभरात आपल्या खोलीत मेलेले सापडले.

मनोज वाजपेयी त्यात एकटा बसून दारूचा ग्लास घेऊन लताचं गाणं ऐकतो, सोबत गुणगुणतो, मान हलवतो. लय वेळ तेच चालते. मी तो सीन माझ्या बाबांसोबत पाहिला होता टीव्हीवर. बाबा असल्या विषयाच्या एकदम विरोधात, पण लताच्या गाण्याला तेही तसेच डोळे मिटून बसतात. सीन संपेपर्यंत त्यांनी च्यानेल बदललं नाही. मग बदललं.

मले राग कशाचा येते सांगू का, इतकी वर्षं झाली, आपल्या एका पुरस्कारप्राप्त मराठी कवीवर हिंदीत पिक्चर निघाला, पण त्यांच्या कविता कुठं वाचायला मिळतात का? शोधून पाहा.

दुपारची_भाजी:
सगळं छान चाललंय पण एक विचारू का, बायका कुठे आहेत? या धाग्यात आई आहे, मागच्या रांगेतल्या काकू आहेत, एमएस झालेली काल्पनिक सून आहे 😄 पण बाईवर प्रेम करणारी बाई एक पण नाही आली अजून.

मी लेस्बियन आहे, नाशिकला असते. माझ्या लहानपणी टीव्हीवर 'उंबरठा' लागला होता, जब्बार पटेलांचा, १९८२ चा. त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं. स्मिता पाटील अधीक्षक, आणि ते तिच्यापुढचं एक प्रकरण. मला सिनेमा महान वाटतो अजूनही, पण तेव्हा मला एवढंच समजलं की अशा बायका आश्रमात असतात आणि त्यांची तक्रार येते. मग दीपा मेहतांचा 'फायर', दोन जावांच्या प्रेमाचा. तो तेव्हा बघायला मिळालाच नाही, १९९८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत थिएटरांची तोडफोड झाली ती बातमी मात्र आमच्या घरी चवीने वाचली गेली.

जो खरा माझा वाटला तो 'गीली पुच्ची'. नीरज घेवानचा, 'अजीब दास्तान्स' मधला, २०२१ चा. कोंकणा सेन शर्मा कारखान्यात मशीनवर काम करते, दलित आहे, तिला ऑफिसातली डेटाची नोकरी हवी असते ती नव्या आलेल्या ब्राह्मण मुलीला मिळते, आणि त्याच मुलीशी तिचं जुळतं. आणि मग जात मध्ये येते. चहाच्या कपाचा शॉट आहे त्यात. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल. प्रेम सगळं पुसून टाकतं वगैरे गोड गोड काही नाही, कोंकणा शेवटी जे करते ते बघून मी दोन मिनिटं तिच्यावर चिडले आणि मग वाटलं, मी पण तेच केलं असतं. 'साबर बोंडं' मला आवडला पण त्यातली शांतता पुरुषांना परवडते असंही वाटलं. दोन पोरं माळावर, तळ्यावर हिंडली तर मित्र. आम्ही दोघी संध्याकाळी सातनंतर हिंडलो तर घरून फोन.

सांगलीची_सई:
+१ भाजी. शेवटचा पॅरा तर फ्रेम करून ठेव.

खवचट_खंडू:
'कोबाल्ट ब्लू' कुणी काढला नाही अजून? सचिन कुंडलकरांची कादंबरी मराठीत २००६ ला आली, माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी कॉलेजात ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली. त्यांनीच सिनेमा केला तर घर पोचलं १९९० च्या दशकातल्या कोचीत आणि भाषा हिंदी-इंग्रजी. दिसायला सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण ती कादंबरी मला आवडायचं कारण ते घर होतं. बहीण, भाऊ, दोघंही ज्याच्या प्रेमात पडतात तो पेइंग गेस्ट, आणि काहीही झालं तरी जेवायला वेळेवर बसणारे आईवडील. त्यातलं दडपण कोचीच्या निळ्या भिंतीत विरघळून गेलं. म्हणून एका बाबतीत घाटमाथाशी सहमत, 'साबर बोंडं' आपल्या मातीतून उठून कुठे गेला नाही.

एक_वाचक_आहे:
नवीन आयडी घेऊन लिहितोय. विवाहित आहे, मुलं आहेत. गावाचं नाव सांगत नाही.

वर प्रवरेकाठी यांनी लिहिलंय ना, 'एक आता तीन पोरांचा बाप हाये', ते वाचून लिहावंसं वाटलं.

मी 'काथल' पाहिला, मल्याळम, जिओ बेबीचा, मामूटी आणि ज्योतिका. २०२३ चा आहे. रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर, इअरफोन लावून, सबटायटल वाचत. मामूटी त्यात रिटायर्ड सहकारी बँकवाला आहे, पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहतो आणि त्याच वेळी बायको घटस्फोटाची केस टाकते, कारण नवरा गे आहे. वीस वर्षं संसार झालेला, मुलगी कॉलेजात. त्यात आरडाओरडा नाही. कोर्टात तिला प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते, तो खाली बघतो. संध्याकाळी दोघं एकाच घरात येतात, ती जेवण वाढते. वर तिचीच इच्छा असते की त्यानं निवडणूक लढवावी.

मामूटीएवढ्या मोठ्या स्टारने हे करावं, स्वतःच्या कंपनीतून काढावं, याचं लोकांनी कौतुक केलं. मला कौतुक वगैरे सुचलं नाही. तो शेवटी वडिलांजवळ फुटतो तो सीन मी अर्ध्यात बंद केला आणि मग दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पुढचा बघितला. मी लग्न का केलं याला माझ्याकडे उत्तर आहे पण ते चांगलं उत्तर नाही, सगळे करतात म्हणून केलं. बायको चांगली आहे. तिला माहीत नाही. किंवा असेल. तेवढंच सांगायचं होतं.

मोगरा६२:
बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. कुणाशी तरी बोलत जा, समुपदेशक असेल तर उत्तम. मुंबईत हमसफर ट्रस्ट अशा लोकांसाठी १९९४ पासून काम करतो. ते नाव-गाव फोडत नाहीत.

सांगलीची_सई:
@एक_वाचक_आहे मी कडक लिहिणार आहे, वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या.

माझ्या मामेबहिणीचं लग्न असंच लागलं होतं. मुलगा सुस्वभावी, निर्व्यसनी, नोकरी पक्की, स्थळ सांगणाऱ्यांनी शंभर गुण सांगितले. पहिलं वर्ष तिने स्वतःलाच दोष दिला. मी जाड आहे का, मी बोलते जास्त म्हणून का, वासाचा काही प्रॉब्लेम आहे का. हो, वासाचा! दोनदा आंघोळ करायची रात्री. सासूने सांगितलं मूल होऊ दे, सगळं ठीक होईल. कसं होऊ दे?

तुम्ही 'काथल' मध्ये मामूटीकडे बघितलंत. मी ज्योतिकाकडे बघितलं. ओमाना. वीस वर्षांतल्या जवळिकीचा हिशेब तिला भर कोर्टात सांगावा लागतो. तो पिक्चर मला ग्रेट वाटतो कारण केस ती टाकते आणि ती म्हणते की यात त्याचीही सुटका आहे. पण प्रत्येक ओमानाने वीस वर्षं थांबून नवऱ्याची सुटका का करावी?

मराठीत हे आधी येऊन गेलंय, अमोल पालेकरांचा 'थांग', २००६. मृणाल कुलकर्णीच्या नवऱ्याचं पुरुषाशी नातं असतं आणि ते तिला कळतं. त्यात बायकोच्या डोक्यात काय होतं यावर सिनेमा आहे. किती जणांनी पाहिला? तेव्हा 'असं मराठीत कशाला' म्हणून नाक मुरडणारे आज सनडान्सचे फोटो शेअर करतायत.

घाटमाथा:
सई, बरोबर आहे तुझं, आणि मला त्या माणसाबद्दल वाईटही वाटतंय. दोन्ही. कावळ्यासमोर मी हात जोडले तेव्हा पुढची पायरी तीच होती, मी फक्त पुण्याला पळून आलो म्हणून वाचलो. आणि माझ्याआधी एक अनोळखी मुलगी वाचली. हा विचार तेव्हा डोक्यात पण आला नव्हता, खरं सांगतो, मी स्वतःपुरताच घाबरलो होतो.

बाळ्याच्या बाबतीत सिनेमा हे दाखवतो की, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा आहे. आपण सगळे तो सुटावा म्हणून बघत बसतो, पण तो ज्या मुलीला होकार देऊ शकला असता ती कुठे दिसत नाही.

एक_वाचक_आहे:
@सई वाईट वाटलं. पण उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. तुमच्या बहिणीचं पुढे काय झालं?

सांगलीची_सई:
परस्पर संमतीने घटस्फोट. कागदावर कारण 'स्वभाव जुळत नाहीत'. त्याने खरं कारण लिहायला नकार दिला आणि तिच्या घरच्यांनाही ते नकोच होतं, म्हणजे गावात दोष परत तिलाच. आता ती बँकेत आहे, बदली मागून घेतली लांब. 'थांग' मी तिला पाठवला होता, तिने बघितला नाही, म्हणाली मला माहितीय सगळं, पैसे खर्चून कशाला बघू.

तुमच्या बायकोला माहीत असेल तर ती रात्री काय विचार करते ते एकदा विचारा. एवढंच. यापुढे मी यावर बोलणार नाही.

लिंबूटिंबू:
मी फक्त स्लो आहे म्हणायला आलो होतो, आता सगळा धागा वाचून सुन्न झालोय. 'काथल' आणि 'थांग' दोन्ही बघायच्या यादीत टाकले. 'साबर बोंडं' तरी स्लोच आहे.

दुपारची_भाजी:
बायकांच्या सिनेमांचा वेगळा धागा काढू का? इथे परत सगळं नवऱ्यांवर गेलं.

प्रवरेकाठी:
काढा ताई. तिथं बी येऊ.